नव्या जन्माची तारीख कुणी विचारू नये

आमच्या बेळगाव भागात, म्हणजे शहरातल्या कॅम्पापासून ते खानापूर, निपाणी, चिकोडी, रायबागपर्यंत, ख्रिस्ती माणसं एकमेकांना भेटली की एक प्रश्न हमखास निघतो, "तुमचं तारण झालंय काय? कधी झालं?" तारण म्हणजे पापातून सुटका, त्यालाच जोडून नवा जन्म असं पण म्हणतात. त्या प्रश्नातला दुसरा भाग, कधी झालं, हा अलीकडं फार जोर धरून बसलाय. संजीवन सभेत, म्हणजे विश्वास नव्यानं जागवायच्या सभेत, पास्टर विचारतात, घरगुती प्रार्थनेत विचारतात, लग्नाची बोलणी चालू असली की मुलीकडचे विचारतात, आणि ज्याला तारीख सांगता येत नाही तो नामधारी ख्रिस्ती असं धरून चालतात. अमुक सालच्या कन्व्हेन्शनला गेलो, शेवटच्या रात्री हात वर केला, रडलो, पुढं गेलो, पास्टरनी डोक्यावर हात ठेवला आणि नवा जन्म झाला, अशी साक्ष ज्याच्याकडं आहे तो पक्का विश्वासी, आणि जी म्हातारी आयुष्यभर त्याच बाकावर बसून प्रार्थना करत आली पण तिला असा एक दिवस काय आठवत नाही, तिच्याबद्दल मात्र सगळ्यांच्या मनात शंका. मला हे चूक वाटतंय, आणि ह्यानं आपलं मोठं नुकसान होतंय, मंडळीच्या, म्हणजे चर्चच्या, आत पण आणि बाहेर गावात पण, म्हणून सविस्तर लिहितोय.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मेल्यानंतर दुसऱ्या देहात परत येणं ह्याच्याशी आमच्या नव्या जन्माचा संबंध नाही. ह्याच आयुष्यात, ह्याच घरात, ह्याच शरीरात असताना देवाचा आत्मा माणसाला आतून नव्यानं सुरू करतो, जुना मनुष्य मरतो आणि नवा उभा राहतो, असा आमचा विश्वास आहे. आपलं मरण जितेपणी बघायची भाषा वारकरी घरातल्या माणसाला पण परकी नाही, त्यामुळं आमच्या भागात हे समजावून सांगायला फार त्रास पडत नाही.

ही शिकवण ज्या प्रसंगावर उभी आहे तो बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात आहे. निकदेम नावाचा परूशी, म्हणजे नियमशास्त्र काटेकोर पाळणाऱ्या पंथातला, यहुद्यांचा अधिकारी, शिकलेला, मानाचा माणूस, तो रात्रीचा येशूकडं येतो. येशू त्याला सांगतो की नव्यानं जन्मल्याशिवाय कुणाला देवाचं राज्य दिसणार नाही. निकदेम विचारतो, म्हातारा माणूस परत आईच्या पोटात कसा जाईल? मग येशू पाणी आणि आत्मा ह्यांच्याबद्दल बोलतो आणि म्हणतो, वारा पाहिजे तिकडे वाहतो, त्याचा आवाज ऐकू येतो पण तो कुठून येतो आणि कुठं जातो ते तुला कळत नाही, आत्म्यापासून जन्मलेल्या माणसाचं पण असंच असतंय. आता बघा, कुठून येतो ते तुला कळत नाही असं येशूनं जिथं सांगितलं त्याच अध्यायावर बोट ठेवून आपण लोकांना तारीख, वार, जागा विचारायला लागलोय.

आणि त्या रात्री पुढं काय झालं? निकदेम गुडघे टेकून रडला, कबुली दिली, असं योहान काही लिहीत नाही. तो बोलता बोलता गप्प होतो आणि आपल्याला दिसेनासा होतो. सातव्या अध्यायात तो परत भेटतो, येशूला धरून आणायचं चाललेलं असतं, सगळे मोठे लोक चिडलेले असतात, तेव्हा हा एकटा म्हणतो की माणसाचं ऐकून घेतल्याशिवाय आपलं नियमशास्त्र त्याला दोषी ठरवतं काय? एवढंच बोलतो, आणि लगेच त्याला ऐकून घ्यावं लागतं, "तूही गालीलातला आहेस काय?" म्हणजे येशूच्याच मुलखातला, त्याच्याच बाजूचा. मग एकदम एकोणिसावा अध्याय. येशू क्रूसावर मेलाय, बहुतेक शिष्य पांगलेत, आणि हा निकदेम सुमारे शंभर रत्तल गंधरस आणि अगरू घेऊन येतो, आजच्या हिशेबात तीसेक किलो, म्हणजे चांगलाच खर्च, आणि सणाच्या तोंडावर प्रेताला शिवलं तर सात दिवसाचा विटाळ हे शास्त्री माणसाला पक्कं माहीत असून तो त्या प्रेताला हात लावतो, कापडात गुंडाळतो. मग निकदेमचा नवा जन्म कधी झाला म्हणायचा? त्या पहिल्या रात्री? त्या सभेत? थडग्यापाशी? योहानानं सांगितलेलं नाही. अंधारात लपून आलेला माणूस आधी भर सभेत एक न्यायाचं वाक्य बोलायला लागला आणि शेवटी पदरचे पैसे घालून, सगळ्यांच्या डोळ्यादेखत, गुन्हेगार ठरवून मारलेल्या माणसाच्या बाजूला उभा राहिला, एवढं त्यानं दाखवलं आणि तिथंच थांबला. मला हा पुरावा पुरतो. ज्यांना पुरत नाही त्यांनी योहानापेक्षा जास्त पुरावा कशाला पाहिजे ते सांगावं.

आपल्याच मातीतलं उदाहरण पाहिजे तर पंडिता रमाबाई घ्या. 1858 चा जन्म, तो पण गंगामूळच्या जंगलात, म्हणजे आजच्या कर्नाटकातच, घर मराठी. 1883 साली इंग्लंडात वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. रजिस्टरप्रमाणं त्या दिवसापासून त्या ख्रिस्ती. पण पुढं 1907 मध्ये त्यांनी स्वतःची साक्ष लिहिली त्यात त्या उघड सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी आपल्याला कळलं, आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता पण त्या धर्माचा जीव जो ख्रिस्त तो मिळाला नव्हता. एवढी विद्वान बाई, बायबलचं मराठी भाषांतर करायला मूळ भाषा शिकलेली, तिला आठ वर्षं लागली, आणि आपण तीन रात्रींच्या सभेनंतर किती आत्मे आले ह्याचा आकडा स्टेजवरून सांगतो. शिवाय केडगावला, रमाबाईंच्या आश्रमात, 1905 साली मोठं संजीवन झालं, मुली तासन् तास प्रार्थनेत होत्या, त्याची बातमी जगभर गेली, हे आमच्या सभांमधून आवडीनं सांगितलं जातंय, पण त्याच्या कितीतरी वर्षं आधी 1896-97 च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुली गोळा करून आणत होत्या, त्यांना जेवायला घालत होत्या, शिकवत होत्या, हे सांगायला वक्ते विसरतात. मला तरी संजीवनाची सुरुवात तिथं दिसते.

ह्यावर आमच्याकडचे मेथडिस्ट लोक म्हणतात, आणि बेळगाव जिल्ह्यात मेथडिस्ट भरपूर आहेत, की आमचा पंथ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीकडं तर तारीख होती की, 24 मे 1738, संध्याकाळी पावणेनऊच्या सुमारास, लंडनला एका छोट्या सभेत त्याचं मन विलक्षण तापलं. बरोबर आहे, होती. पण त्याच वेस्लीनं साताठ महिन्यांनी, जानेवारी 1739 मध्ये, रोजनिशीत लिहून ठेवलंय की मी आत्ता पण ख्रिस्ती नाही. इतका प्रामाणिक होता तो. जॉन न्यूटनचं घ्या, इंग्लंडचा खलाशी, 10 मार्च 1748 ला भयंकर वादळात देवाचा धावा केला, ती तारीख तो मरेपर्यंत पाळत होता. आणि त्या तारखेनंतर तोच न्यूटन गुलाम नेणाऱ्या जहाजाचा कप्तान झाला, 1750 ते 1754 मध्ये तीन सफरी केल्या, खाली साखळदंडात माणसं आणि वर हा बायबल वाचतोय, प्रार्थना करतोय. ह्या धंद्याविरुद्ध त्यानं उघड लिहिलं ते 1788 मध्ये. चाळीस वर्षं गेली मधे. 1748 ची ती रात्र खोटी होती असं मी म्हणत नाही, देवानं तेव्हा हात धरला असेलच, पण त्या जहाजात खाली बांधून ठेवलेल्या बाईला जर कुणी विचारलं असतं की तुमच्या कप्तानाचा नवा जन्म झालाय काय, तर तिनं काय सांगितलं असतं? माझ्या मते नव्या जन्माबद्दल विचारायचं तर तिला विचारायला पाहिजे होतं.

जक्कयाची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, जकातदार, बुटका, झाडावर चढलेला. लूकच्या शुभवर्तमानाचा एकोणिसावा अध्याय. पण त्याच्या घरी आज तारण आलंय असं येशू कधी म्हणतो ते बघा. जक्कय उभा राहून म्हणतो की अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि कुणाचं काही फसवून घेतलं असलं तर चौपट परत करतो, त्याच्यानंतर. झाडावरून उतरल्या उतरल्या येशू तसं म्हणाला नाही. आमच्याकडं साक्ष सांगणारे दारू सुटली, तंबाखू सुटली, सिनेमा सुटला हे सांगतात, चांगलंच आहे, दारूनं आमच्या भागात घरं बसलीत, ज्या बाईचा नवरा प्यायचा थांबला तिला त्याची किंमत माहीत आहे. पण भावाच्या वाटणीतली जमीन स्वतःच्या नावावर चढवून घेतली होती ती परत केली, कामगारांची मजुरी दाबली होती ती व्याजासकट दिली, अशी साक्ष किती वेळा ऐकायला मिळते? देवळात रडणं सोपं आहे, तलाठ्याकडं जाऊन उतारा दुरुस्त करून आणणं अवघड आहे. माणूस बदलला हे त्या उताऱ्यावरून कळतं.

आता जातीबद्दल, आणि हे मला सगळ्यात जास्त लागतंय. त्याच योहानाच्या पहिल्या अध्यायात लिहिलंय की देवाची मुलं रक्तापासून जन्मत नाहीत, देहाच्या इच्छेपासून नाही, माणसाच्या इच्छेपासून नाही, देवापासून जन्मतात. ह्याच्यापेक्षा स्पष्ट काय पाहिजे? नव्या जन्मात आई-बापाचं रक्त मोजायचं नाही. तरी बेळगावात मिशनचं काम 1820 साली जोसेफ टेलरनं सुरू केल्याला दोनशे वर्षं होऊन गेली आणि आजपण स्थळ बघताना हळूच विचारतात, मूळचे कोण तुम्ही? वरच्यांतून आलेले की खालच्यांतून? एकाच प्रभुभोजनाच्या ताटातलं खातात, एकाच विहिरीचं पाणी पितात, पण पोरगी द्यायची वेळ आली की आजोबाच्या आजोबाची वस्ती काढतात. ज्याला हा प्रश्न विचारावासा वाटतोय त्यानं आपल्या तारणाची तारीख कितीही पाठ केलेली असू दे, योहान एक तेरा त्याच्यापर्यंत अजून पोचलेलं नाही.

आणि आपण ज्यांच्यात राहतो त्यांच्याकडून तरी शिकावं. बाराव्या शतकात आजच्या कर्नाटकातच बसवण्णा आणि त्यांच्या मागून चालणाऱ्या शरण लोकांनी सांगितलं की इष्टलिंग, म्हणजे अंगावर धारण करायचं लिंग, घेतलं की मागची जात विचारायची नाही, तो नवा जन्म. हरळय्या चांभार आणि मधुवरस ब्राह्मण, दोघे शरण झाले आणि एकाच्या मुलाचं दुसऱ्याच्या मुलीशी लग्न लावलं, त्याची किंमत त्यांना जिवानं मोजावी लागली. ते ख्रिस्ती नव्हते, त्यांचा विश्वास वेगळा, पण नवा जन्म म्हणजे काय हे त्यांना कळलं होतं आणि त्यासाठी ते मेले, मग ज्यांच्याकडं योहानाचं शुभवर्तमान आहे त्यांनी एवढ्याशा लग्नाला घाबरायचं काय कारण?

सरकारनं पण ह्यात गाठ मारून ठेवलीय हे खरं आहे. 1950 च्या अनुसूचित जाती आदेशाप्रमाणं हिंदूंनाच तो दर्जा, मग 1956 मध्ये शीख आले, 1990 मध्ये बौद्ध आले, ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेरच. त्यामुळं दलित वस्तीतली कितीतरी घरं कागदावर एक आणि रविवारी एक अशी जगतात. त्यांना खोटे विश्वासी म्हणायला काही लोक पुढं असतात. मी म्हणणार नाही. ज्या बाईच्या पोराची स्कॉलरशिप त्या एका सर्टिफिकेटवर अडलीय तिला पुलपिटवरून खोटारडी म्हणायच्या आधी तिच्या पोराची फी मंडळीनं भरावी. कागद बदलल्यानं गावातल्या लोकांनी तिला शिवायला सुरुवात केली असं तर कुठं झालेलं नाही, मग कागद न बदलल्याबद्दल शिक्षा तिलाच का?

भाषेचं पण तेच. आम्ही सीमाभागातली माणसं, 1956 च्या 1 नोव्हेंबरला बेळगाव तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, म्हणजे आजच्या कर्नाटकात, गेलं तेव्हापासून ही जखम आहे, महाजन अहवाल 1967 चा, सुप्रीम कोर्टातली केस 2004 ची, घरात काळा दिवस पाळलेली माणसं आहेत आणि शेजारच्या घरात राज्योत्सवाचा झेंडा आहे. मी मराठी आहे आणि माझ्या भाषेचा हक्क सोडायला सांगणारा नवा जन्म मला मान्य नाही, वल्हांडणानंतरच्या पन्नासाव्या दिवशी आत्मा उतरला तेव्हा प्रत्येकाला आपापल्या भाषेतच ऐकू आलं होतं. पण एकाच आवारात सकाळी मराठी उपासना आणि नंतर कन्नड उपासना, दोन मंडळ्या गेटवर एकमेकांना ओलांडून जातात आणि नमस्कार पण करत नाहीत, हे कशाचं लक्षण म्हणायचं? कन्नड भावाची बाजू एखाद्या मराठी माणसानं घेतली किंवा मराठी शाळेबद्दल एखादा कन्नड पास्टर बोलला की त्याला पण तेच ऐकावं लागतं जे निकदेमला ऐकावं लागलं, तूही त्यांच्यातलाच काय? ज्याला हे ऐकून घेता येतंय आणि तरी खरं ते बोलता येतंय त्याच्यात मला नव्या जन्माची खूण दिसते, मग त्यानं हात कधी वर केला असू दे किंवा नसू दे.

आता कायद्याकडं येतो, कारण हा प्रश्न नुसता मंडळीचा राहिलेला नाही. डिसेंबर 2021 मध्ये इथंच, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधात, कर्नाटक विधानसभेनं धर्मांतराविरुद्धचं बिल पास केलं, पुढं 2022 मध्ये त्याचा कायदा झाला. धर्म बदलायच्या तीस दिवस आधी डीसींना, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांना, कळवायचं, ते नोटीस लावून हरकती मागवणार, आणि झाल्यावर परत तीस दिवसाच्या आत कळवायचं. बेकायदा धर्मांतर ठरलं तर तीन ते पाच वर्षं, आणि बाई असेल, अज्ञान मूल असेल, दलित किंवा आदिवासी असेल तर तीन ते दहा वर्षं, म्हणजे मोठी बाई आणि मोठा दलित माणूस कायद्यानं लहान पोराच्या रांगेत बसवला, ह्याला स्वतःचं मन नाही असं धरलं. 2023 च्या जूनमध्ये नव्या मंत्रिमंडळानं हा कायदा मागं घ्यायचं ठरवलं, पण त्याच्यामागचा विचार गावागावात पक्का बसलाय, की धर्म ही एक वस्तू आहे, कुणीतरी देतं, कुणीतरी घेतं, आणि व्यवहार झाला की तारीख पडते.

आणि हा विचार पसरायला आपण मदत केली असं मला वाटतं. जर आपणच स्टेजवरून आकडे सांगणार, बाप्तिस्म्याचे फोटो स्टेटसला ठेवणार, रिपोर्टमध्ये इतके आत्मे जिंकले असं लिहिणार, तर बाहेरच्या माणसानं हा माणसं मोजायचा धंदा आहे असं समजलं तर त्याचा सगळा दोष त्याच्यावर कसा टाकायचा? 1977 मध्ये रेव्हरंड स्टेनिस्लॉस केसमध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की धर्माचा प्रसार करायचा हक्क आहे पण दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क त्यात येत नाही. ख्रिस्ती लोकांना हा निकाल बोचतो. मला वाटतं योहान तीन मानणाऱ्यानं ह्यातलं एक कबूल करायला हरकत नाही, मी कुणाला नव्यानं जन्माला घालू शकत नाही, ते माझ्या हातात कधीच नव्हतं, आत्म्याचं काम आहे ते. पण मग पुढचं पण कबूल करायला पाहिजे, जे पास्टरच्या हातात नाही ते डीसींच्या हातात कसं असेल? माणसाच्या आत देव काय करतोय ह्याला परवानगी देणारं किंवा हरकत घेणारं ऑफिस कुठल्याच सरकारकडं असू शकत नाही. फसवलं असेल, पैसे दिले असतील, धमकी दिली असेल तर फसवणुकीला आणि धमकीला कायदे आहेतच, ते लावा. आणि पैसे देऊन, बरं करतो असं आमिष दाखवून जो माणूस मंडळीत आणला जातो त्याचा नवा जन्म झालेला नसतोच, भाकरी मिळाली म्हणून मागं येणाऱ्यांना येशूनं तोंडावर तसं सांगितलं होतं, योहान सहामध्ये.

काही जण मला म्हणतील की मग सुवार्ता सांगायचीच नाही काय, बाप्तिस्मा द्यायचाच नाही काय. सांगायची, द्यायचा, पण घाई सोडायची. पहिल्या काही शतकांतल्या मंडळीची पद्धत बघा, रोमच्या मंडळीचे म्हणून मानले जाणारे जुने नियम आहेत, सुमारे तिसऱ्या शतकातले, त्यात बाप्तिस्मा मागणाऱ्यानं तीन वर्षं शिकायचं असं आहे, आणि शेवटी त्याला ज्यांनी आणलं त्यांना विचारायचं की ह्यानं विधवांचा मान राखला काय, आजाऱ्यांना भेटायला गेला काय, चांगली कामं केली काय. काय अनुभव आला, अंगावर काटा आला काय, असलं त्या प्रश्नांत काही नाही, आणि उत्तर पण दुसऱ्यानं द्यायचं.

आपल्याकडं हे करता येण्यासारखं आहे, पैसा लागत नाही, परवानगी लागत नाही. कुणी बाप्तिस्मा मागितला, किंवा जन्मानंच ख्रिस्ती असलेली पोरं दृढीकरणाला, म्हणजे आपला विश्वास स्वतः सगळ्यांसमोर कबूल करायला, उभी राहिली, की पाळकानं आणि दोन वडीलधाऱ्यांनी त्यांच्या घरी जावं, त्याच्या आईला, बायकोला, सुनेला विचारावं, त्याच्या शेतात कामाला येणाऱ्या बायांना विचारावं, आणि शेजारच्या घरातल्यांना तर नक्कीच, ते लिंगायत असू देत, मराठा असू देत, मुसलमान असू देत, की ह्या माणसात तुम्हाला काही फरक दिसतोय काय. ते नाही म्हणाले, आहे तसाच आहे म्हणाले, तर त्याला सोडायचं नाही, नावं ठेवायची नाहीत, परत शिकवायला बसायचं आणि सहा महिन्यांनी त्याच घरांत जाऊन परत विचारायचं.